सात वर्षांची कूपे आणि तीन वॉरंट्या: बडोद्यातलं एक प्रकरण

जानेवारी २०२५ मधला रविवार. भाचा दांडिया बाजारातल्या आमच्या घरी आला तो मोबाइल पुढे करतच. फोटोत गडद निळी, दोन दारांची जर्मन कूपे. २०१८ ची नोंदणी, जीजे-०६ पासिंग, ५८,४०० किलोमीटर, दोन लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, सहा गिअरांचा ड्युअल क्लच (दोन क्लचचा, आपोआप गिअर बदलणारा) गिअरबॉक्स, चारही चाकांना ताकद. शहरातलाच एक जुन्या गाड्यांचा विक्रेता २४ लाख मागत होता. नवी असताना हीच गाडी साठ लाखांच्या घरात जायची.

"मामा, गाडी माझी ठरलीय. तू फक्त वॉरंटी कुठली घ्यायची ते सांग."

मी मोटर विम्याचा सर्व्हेअर आहे. अपघाताच्या, पुराच्या गाड्या बघायच्या, नुकसान ठरवायचं, अहवाल लिहायचा, हे बावीस वर्षं करतोय. वॉरंटीचे क्लेम माझ्याकडे येत नाहीत, पण वर्कशॉपमध्ये उभा असताना शेजारच्या रॅम्पवर कुणाचा तरी क्लेम अडकून पडलेला कितीदा तरी पाहिलाय. तिथे भांडण क्वचितच भाग यादीत आहे की नाही यावर असतं. भाग यादीत असतो. भांडण असतं ते बिघाड कधीपासून होता, कशाने झाला आणि हे कोणी ठरवायचं यावर. तोवर गाडीमालकाच्या हातात काहीही कागद नसतो. भाच्याच्या बाबतीत एवढं एकच होऊ द्यायचं नाही, हे मी त्या रविवारीच ठरवलं. पुढे जे झालं ते क्रमाने लिहितो. गाडीची कंपनी, विक्रेता, वॉरंटी देणारे, कुणाचंच नाव घेतलेलं नाही, कारण हा प्रश्न कागदाचा आहे आणि नाव बदललं तरी कागद फारसा बदलत नाही.

आधी गाडी

बडोद्यात जुनी गाडी घेताना आता पहिला प्रश्न पुराचा. ऑगस्ट २०२४ च्या शेवटच्या आठवड्यात विश्वामित्री नदी धोक्याच्या पातळीच्या दहा फुटांहून जास्त वर गेली होती. समा, अकोटा, मुजमहुडा या भागांत गाड्या पार्किंगमध्ये उभ्या उभ्या पाण्याखाली गेल्या. पुढचा दीड महिना मी जवळजवळ रोज त्याच गाड्या पाहत होतो. काही टोटल लॉस, म्हणजे दुरुस्तीपलीकडच्या ठरल्या, काही सालव्हेजला, म्हणजे भंगाराच्या भावाने गेल्या आणि काही धुऊनपुसून पुन्हा बाजारात आल्या. ही कूपे अकोट्यातल्या पहिल्या मालकाची. म्हणजे शंका घ्यायलाच हवी होती.

शोरूममध्ये गेल्यावर मी बॉनेट उघडलं नाही. इंजिन कोणीही चकचकीत करून ठेवतं. पुढच्या डाव्या सीटवर बसलो आणि सीट बेल्ट सावकाश शेवटपर्यंत बाहेर खेचला. बेल्टचा शेवटचा हातभर पट्टा एरवी कधी बाहेर येत नाही, त्यामुळे तो धुवायचं कोणाला सुचत नाही. पाण्यात बुडालेल्या गाडीत तिथे चहाच्या डागासारखी एक आडवी रेघ असते. इथे पट्टा कोरा होता. मग सीट पुढे सरकवून टॉर्चने खाली पाहिलं. सीटच्या रुळांचे बोल्ट, त्याखालचा पिवळा वायरिंगचा प्लग, गालिच्याची कड. विश्वामित्रीचा गाळ वाळला की राखेसारखा बारीक होतो आणि प्लगच्या खाचेत बसतो तो ब्रशनेही निघत नाही. बोल्टांवर गंज नव्हता, खाच स्वच्छ होती. डिकीत स्पेअर व्हीलच्या खोबणीतही तेच.

दुसरा पुरावा कागदाचा. विक्रेत्याकडून जुनी विमा पॉलिसी मागितली. पहिल्या मालकाने नोव्हेंबर २०२४ मध्ये नूतनीकरण केलेलं होतं आणि त्यावर नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, ५० टक्के होता. हा बोनस पहिल्या क्लेमविरहित वर्षाला २० टक्क्यांपासून चढत चढत पाच वर्षांनी ५० वर पोचतो, आणि एक क्लेम केला की शून्यावर येतो. ऑगस्टच्या पुरात गाडी बुडून विम्याचे पैसे घेतले असते, तर नोव्हेंबरच्या पॉलिसीवर ५० आला नसता. (हा बोनस माणसाचा असतो, गाडीचा नाही. तो भाच्याला मिळणार नव्हता, आणि मालकी बदलल्यावर फरकाचे पैसे भरावे लागणार होते. ते त्याला तेव्हाच सांगून ठेवलं.)

सर्व्हिसच्या नोंदी मात्र पोटात गोळा आणणाऱ्या होत्या. अधिकृत वर्कशॉपच्या नोंदी २०२१ पर्यंत सलग, मग दोन वर्षं काहीच नाही, मग २०२४ ची एक. मधल्या दोन सर्व्हिस बाहेरच्या गॅरेजात झाल्याचं विक्रेता म्हणाला. बिलं होती, पण त्यांवर ‘ऑइल बदलले, फिल्टर बदलला’ एवढंच. कुठल्या दर्जाचं तेल, कुठला फिल्टर, किती किलोमीटरवर, काहीच नाही.

तीन कागद

पहिला कागद विक्रेत्याचा. गाडीबरोबर सहा महिन्यांची वॉरंटी फुकट, एका पानाची. ‘इंजिन व गिअरबॉक्स’ असं मोठ्या अक्षरात, आणि खाली बारीक अक्षरात एका क्लेमला कमाल ५०,००० रुपये, काम विक्रेत्याच्याच गॅरेजात. असला गिअरबॉक्स त्या गॅरेजात खोलला जाणार नव्हता. हा कागद मी लगेच बाजूला ठेवला.

दुसरा एका स्वतंत्र वॉरंटी कंपनीचा, विक्रेत्यामार्फतच मिळणारा. एक वर्ष, ६२,००० रुपये अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे ७३,१६०. करार चौदा पानांचा आणि त्यातली चार पानं भागांच्या यादीची. टर्बो, इंजेक्टर, वॉटर पंप, एसीचा कॉम्प्रेसर, गिअरबॉक्सचं मेकाट्रॉनिक युनिट (गिअर बदलण्याचं काम सांभाळणारा भाग), सगळं तिथे. भाच्याने यादीवर बोट फिरवत म्हटलं, "सगळंच तर आहे यात."

तिसरा गाडी बनवणाऱ्या कंपनीचाच, जुन्या गाड्यांसाठीचा. एक वर्ष, १,४८,००० अधिक जीएसटी, म्हणजे १,७४,६४०. दुपटीहून जास्त. शिवाय आधी अधिकृत वर्कशॉपमध्ये तपासणी, तिचे पैसे वेगळे, आणि तपासणीत निघालेले दोष स्वतःच्या खर्चाने काढल्याशिवाय वॉरंटी सुरूच होणार नाही.

दोन्ही करार छापून घेतले आणि चार संध्याकाळी बसून वाचले. यादी बघून भुलायचं नाही, हे एव्हाना सवयीचं झालंय. दुसऱ्या कराराची यादी नावांची होती, म्हणजे ज्या भागाचं नाव नाही तो आपोआप बाहेर. तिसऱ्यात उलट होतं. काय मिळणार नाही त्याची यादी दिलेली, बाकी सगळं आत. गाडीत हजारो भाग असतात. मला तिसऱ्या कराराची पद्धत केव्हाही बरी वाटते, कारण नसलेलं नाव शोधण्यापेक्षा असलेलं वाचणं सोपं.

मग मर्यादा. दुसऱ्या करारात एका क्लेमला ७५,०००, वर्षभरात मिळून १,५०,०००. लेबरचा ताशी दर ठरलेला, जो अधिकृत वर्कशॉपच्या दराच्या निम्म्याहून कमी. टोइंग ५० किलोमीटरपर्यंत. या गाडीचं अधिकृत वर्कशॉप आपल्याला जवळचं म्हणजे अहमदाबादला, साधारण ११० किलोमीटरवर. तिसऱ्या करारात टोइंग ‘जवळच्या अधिकृत वर्कशॉपपर्यंत’ होतं, अंतराचा आकडा न घालता. क्लेमची मर्यादा म्हणजे गाडीचा त्या वेळचा बाजारभाव.

आणि पैसे शेवटी देणार कोण? दुसऱ्या कंपनीच्या रंगीत माहितीपत्रकात ‘विमा कंपनीच्या पाठबळासह’ असं छापलेलं होतं. चौदा पानांच्या करारात विमा कंपनीचं नाव कुठेही नव्हतं. ज्यावर सही होते तो कागद खरा.

स्पोर्ट्स कारला म्हणून खास असलेलं एक कलम दोन्हीकडे होतं. इंजिनच्या संगणकाचा मूळ प्रोग्रॅम बदलून ताकद वाढवली असेल, म्हणजे ज्याला पोरं रिमॅप किंवा ‘स्टेज वन’ म्हणतात ते केलं असेल, तर इंजिन, टर्बो आणि गिअरबॉक्सचा क्लेम नाही. ट्रॅकवर चालवली तरी नाही. स्पर्धेत नव्हे, हौशीने पैसे भरून दिवसभर फिरवली तरीसुद्धा. ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट किंवा कोइंबतूरचं कारी, अशा ठिकाणी पूर्वीच्या मालकाने काय केलं हे तुम्हाला कळणार नाही, पण पुष्कळ गाड्यांच्या संगणकात प्रोग्रॅम किती वेळा चढवला याची मोजणी राहते. बिघाड झाल्यावर वर्कशॉप ती काढणारच. मग आपण ती आधीच का काढू नये?

‘होऊ लागलेला’

माझा सगळा विचार ज्या ओळीवर येऊन थांबला ती दुसऱ्या कराराच्या अकराव्या पानावर होती. वगळलेल्या गोष्टींत सातवं कलम: वॉरंटी सुरू होण्यापूर्वी निर्माण झालेला किंवा निर्माण होऊ लागलेला कोणताही दोष.

‘निर्माण झालेला’ हे न्याय्य आहे. मोडकी गाडी आणून वॉरंटी घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी क्लेम करायचा, हे कोण चालू देईल? पण ‘होऊ लागलेला’? सात वर्षं आणि ५८ हजार किलोमीटर चाललेल्या गिअरबॉक्समध्ये क्लच झिजू लागलेलेच असतात, सील कडक होऊ लागलेलंच असतं, मेकाट्रॉनिकमधले वॉल्व्ह थोडे ढिले होऊ लागलेलेच असतात. आठ महिन्यांनी तो भाग गेला आणि कंपनीच्या माणसाने लिहिलं की दोष आधीपासूनच सुरू झाला होता, तर त्याला खोटं कसं पाडणार? ते एका अर्थी खरंच असेल. जुन्या गाडीची वॉरंटी घेतो ती मुळात ज्या गोष्टीपासून बचाव म्हणून, तीच गोष्ट या एका शब्दाने बाहेर काढली होती.

यावर उपाय एकच. वॉरंटी सुरू होते त्या दिवशी गाडी कशी होती हे दोन्ही बाजूंनी मान्य केलेल्या कागदावर असणं. म्हणून मी दोन्ही कंपन्यांना सारखाच ईमेल लिहिला. अधिकृत वर्कशॉपचा तपासणी अहवाल आम्ही जोडू. तो गाडीची सुरुवातीची स्थिती म्हणून तुम्ही मान्य कराल का? हो किंवा नाही एवढंच कळवा.

गाडीच्या कंपनीच्या योजनेकडून दोन दिवसांत उत्तर आलं. तपासणी अहवाल कराराला परिशिष्ट म्हणून जोडला जातो. त्यात न दिसलेला दोष आधीचा मानला जात नाही, प्रोग्रॅममध्ये किंवा ओडोमीटरमध्ये फेरफार लपवलेला असेल तर मात्र गोष्ट वेगळी. दुसऱ्या कंपनीकडून फोन आला. विक्री विभागातला मुलगा गोड बोलत होता. "सर, काळजी नका करू, आमच्याकडे क्लेम पास होतात." मी म्हटलं, तेवढंच ईमेलवर पाठवा. अकरा दिवसांत मी तीनदा आठवण केली. लेखी एक ओळ आली नाही. त्या मुलाचा दोष नाही, त्याला तसं लिहायची परवानगीच नसेल. पण आमच्यासाठी तेच उत्तर होतं.

बाहेरच्या गॅरेजातल्या सर्व्हिसबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींहून जास्त दंड केला होता. सुटे भाग आणि तपासणीची साधनं स्वतंत्र गॅरेजना मिळू देत नाहीत, हा मुख्य आक्षेप. बाहेरच्या गॅरेजात काम केलं एवढ्यावरून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट घालू नका, असंही त्या आदेशात होतं. प्रकरण पुढे अपिलांत गेलं. तत्त्व मला पूर्ण मान्य आहे. चांगला मिस्त्री अधिकृत बोर्डाखालीच असतो असं मुळीच नाही. आपल्या गेंडीगेट भागात असे हात आहेत की आवाजावरून बेअरिंग ओळखतील. पण तेलाचा दर्जा न लिहिलेलं बिल कुठल्याच आयोगापुढे उपयोगाचं नसतं. बाहेर काम करा, फक्त बिलावर तेलाचा दर्जा, भागाचा क्रमांक, ओडोमीटरचा आकडा आणि तारीख लिहून घ्या.

ताईचा प्रश्न

मधेच एका संध्याकाळी ताई, म्हणजे भाच्याची आई, म्हणाली, "पावणेदोन लाख वॉरंटीला घालण्यापेक्षा तेवढे बँकेत ठेव ना. काही झालं तर त्यातून करशील, नाही झालं तर पैसे आपलेच."

प्रश्न अगदी रास्त होता. साध्या हॅचबॅकसाठी कोणी विचारलं तर मी स्वतः हेच सांगतो. तिथे बिघाड लहान-लहान असतात, भाग स्वस्त, गॅरेज कोपऱ्यावर. या गाडीत मात्र बिघाड कमी वेळा येतो आणि आला की एकदम मोठा येतो. मेकाट्रॉनिक बदलायला किती लागतील, असं अहमदाबादच्या वर्कशॉपला विचारलं तर भाग आणि मजुरी धरून पावणेतीन लाखांच्या आसपास आकडा सांगितला. टर्बोही त्याच पंगतीतला. बँकेतले पावणेदोन लाख एका फटक्यात संपतील आणि वर लाखभर उभं करावं लागेल.

भाच्याने गाडीसाठी बचत रिकामी केली होती, वर आठ लाखांचं कर्ज. मी ताईला म्हटलं, एका महिन्यात तीन-चार लाख खर्च झाले तरी ज्याची झोप उडणार नाही त्याने वॉरंटी घेऊ नये, पैसे बाजूला ठेवावेत. हा त्या अवस्थेत नाही. ती थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "मग गाडी तरी आत्ताच कशाला?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं आणि भाच्याने ते दिलं नाही.

तपासणी

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात विक्रेत्याची परवानगी घेऊन गाडी अहमदाबादला नेली. विक्रेता आधी कुरकुरला. गाडी पक्की होईपर्यंत बाहेर पाठवत नाही म्हणाला. भाच्याने २५,००० रुपये टोकन दिलं आणि पावतीवर लिहून घेतलं की तपासणीत मोठा दोष निघाला तर रक्कम परत.

तपासणीला ९,५०० अधिक जीएसटी. चार तास. संगणकाची मोजणी स्वच्छ निघाली, रिमॅप झालेलं नव्हतं. बाकी चार गोष्टी निघाल्या. थर्मोस्टॅटच्या प्लॅस्टिक हाउसिंगमधून कूलंट झिरपत होतं. खाली एक गुलाबी पांढरट थर वाळून बसला होता, वर्कशॉपच्या सल्लागाराने तो नखाने खरवडून दाखवला. सस्पेन्शनच्या पुढच्या खालच्या आर्मचं रबर फाटलं होतं. मागचे टायर २०१७ च्या एकेचाळिसाव्या आठवड्यातले, म्हणजे गाडीबरोबर आलेले मूळचेच. नक्षी शिल्लक होती पण बगलेला भेगा. टायरच्या बगलेवरच्या चार अंकांत आठवडा आणि वर्ष असतं, ४११७, ते आपणही वाचू शकतो. आणि गिअरबॉक्सचं तेल एकदाही बदललं नव्हतं. ओल्या, म्हणजे तेलात फिरणाऱ्या, क्लचच्या या गिअरबॉक्सला ६० हजार किलोमीटरला तेल आणि फिल्टर बदलायचा असतो. ५८ हजार झाले होते, म्हणजे चूक कोणाची नाही, पण खर्च येऊन ठेपला होता.

सगळ्याचं एस्टिमेट १,४२,००० झालं. तो कागद घेऊन भाचा विक्रेत्यासमोर बसला. मी मुद्दाम गेलो नाही. गाडी त्याची, बोलणं त्याचं. एक लाख दहा हजार कमी करून २२ लाख ९० हजारांवर सौदा ठरला. वॉरंटीची पहिली वसुली, माझ्या मते, इथेच झाली, अजून तिचा एक रुपयाही भरलेला नसताना. तपासणीची अट जाचक वाटते म्हणून लोक बिनतपासणीची वॉरंटी घेतात, आणि खरं तर तीच अट खरेदीदाराच्या बाजूची असते.

चारही कामं अधिकृत वर्कशॉपमध्येच करून घेतली. गिअरबॉक्सच्या तेलाच्या बिलावर तेलाचा भाग क्रमांक आणि ५८,९१२ किलोमीटर हा आकडा आहे ना, हे मी दोनदा पाहिलं. गाडीच्या कंपनीची, म्हणजे तिसऱ्या कागदाची, वॉरंटी २४ फेब्रुवारी २०२५ ला सुरू झाली. फॉर्म २९ आणि ३० भरून मालकी बदलली, विम्याचं हस्तांतरण चौदा दिवसांच्या आत टाकलं. ती मुदत चुकली तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम अडकतो.

विम्याबरोबर इंजिन प्रोटेक्टचं ॲड-ऑन, म्हणजे इंजिनासाठीचं जादा संरक्षण, आग्रहाने घ्यायला लावलं. साचलेल्या पाण्यातून गाडी नेली आणि इंजिनात पाणी ओढलं गेलं, तर वॉरंटीवाले म्हणतात हे बाहेरचं कारण, आणि साधी विमा पॉलिसी म्हणते हा यांत्रिक बिघाड, परिणामी नुकसान, आमच्याकडे नाही. दोघांच्या मधल्या या फटीत बडोद्यातल्या किती गाड्या गेल्या, ते मी जवळून पाहिलंय. जमिनीपासून वीतभरही उंच नसलेल्या गाडीला तर ही फट फारच रुंद.

नवरात्रातली रात्र

सप्टेंबर २०२५, नवरात्राची पाचवी माळ. रात्री साडेबाराला फोन. गरबा सुटल्यावर अकोटा-दांडिया बाजार पुलावरून गाड्या पावलापावलाने सरकत होत्या. ड्युअल क्लच गिअरबॉक्सला हेच सरकणं सगळ्यात जड जातं; क्लच पूर्ण पकडत नाही, पूर्ण सोडत नाही, तेल तापत राहतं.

"मामा, गिअरचा आकडा लुकलुकतोय. एक, तीन पडतात. दोन पडत नाही, रिव्हर्स पण नाही. घर दहा मिनिटांवर आहे, हळूहळू नेऊ का?"

मी म्हटलं, एक फूटही नेऊ नकोस. बाजूला घे, बंद कर. करारात स्पष्ट लिहिलं होतं की बिघाड कळल्यानंतर गाडी चालवल्याने वाढलेलं नुकसान मिळणार नाही. बंद करण्याआधी मीटरचा फोटो काढायला लावला, लुकलुकणारा आकडा आणि ओडोमीटर एकाच चौकटीत येतील असा. ६४,३७० किलोमीटर. मग ओळखीच्या गॅरेजवाल्याला नाही, करारातल्या मदत क्रमांकालाच फोन. पहाटे तीनला फ्लॅटबेड आला. गाडी एक्सप्रेसवेने अहमदाबादला गेली, टोइंगचा खर्च शून्य.

त्याच रात्री मी फाइल लावली. तपासणी अहवाल, तेलबदलाचं बिल, मीटरचा फोटो, फोनची वेळ, टोइंगची पावती. क्लेम नाकारला तर पुढे काय, तेही डोक्यात होतं. आधी कंपनीला लेखी तक्रार, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, मग जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याप्रमाणे तक्रारदार स्वतः राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करू शकतो, म्हणजे कंपनीचं कार्यालय कुठेही असलं तरी बडोद्यातच. कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत, आणि भरलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही.

तशी वेळ आली नाही. वर्कशॉपने तिसऱ्या दिवशी निदान कळवलं: मेकाट्रॉनिक युनिट. त्यांनी पहिली गोष्ट मागितली ती गिअरबॉक्सच्या तेलाचं बिल. दुसरी, संगणकाची मोजणी, आणि ती फेब्रुवारीच्या अहवालाशी ताडून पाहिली. दोन्ही जुळलं. मंजुरी सहाव्या दिवशी. भाग बाहेरून यायला लागले एकोणीस दिवस, आणि तेवढे दिवस भाचा ताईच्या स्कूटरवर कामाला गेला, कारण बदली गाडीची सोय करारात नव्हती. ती ओळ मी वाचली होती आणि महत्त्वाची मानली नव्हती. मानायला हवी होती.

बिल २,८३,९०० रुपये. तेल, फिल्टर आणि इतर खर्ची जिनसांचे २१,४०० भाच्याने भरले, उरलेले २,६२,५०० वॉरंटीतून. दुसऱ्या करारात क्लेम मंजूर झाला असता तरी ७५,००० मिळाले असते, आणि ५० किलोमीटरपुढचं टोइंग खिशातून.

डिसेंबरमध्ये मागचा एक शॉक ॲब्सॉर्बर तेल सोडू लागला. क्लेम टाकला, चार दिवसांत नकार. शॉक ॲब्सॉर्बर झिजणाऱ्या भागांत, वगळलेल्या यादीत, सातव्या पानावर. भाचा चिडला होता, आयोगाकडे जाऊ म्हणाला. मी त्याला सातवं पान वाचायला दिलं. भाग तिथे नावानिशी होता, आम्ही सही करण्याआधीपासून होता. डाव्या-उजव्या दोन्ही शॉक ॲब्सॉर्बरचे मिळून ४८,००० त्याने भरले.

आता नूतनीकरणाचा कोट आला आहे: १,६२,००० अधिक जीएसटी, तपासणी पुन्हा. ओडोमीटर ६७ हजारांवर आहे. भाच्याचं कर्ज अजून साडेपाच लाख बाकी. त्याने अहमदाबादची तारीख घेतली आहे, आणि या वेळी ईमेलमध्ये स्वतःच दोन ओळी वाढवल्या आहेत: भाग यायला उशीर झाला तर बदली गाडी मिळते का, आणि नव्या मेकाट्रॉनिकला स्वतःची वेगळी वॉरंटी किती.